तिसऱ्या चाकराने पैसा का पुरला?

सलाम. तुमचा प्रश्न आधी इतरांसाठी थोडक्यात मांडते. तुम्ही मूळचे नगरचे, आता पुण्यात नोकरीला. दोघंही कमावता, घराचा हप्ता चालू आहे. वडील मिशनच्या शाळेतले जुने शिक्षक. ते म्हणतात, दशांश म्हणजे दशांश, मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला, आणि तोही हातात पडतो त्या पगारावर नव्हे, कापाकापीच्या आधीच्या पूर्ण पगारावर. बायको ज्या फेलोशिपमध्ये वाढली तिथं शिकवतात की अर्पण म्हणजे बियाणं, पेराल त्याच्या शंभरपट उगवेल. आणि गेल्या वर्षी गाडी घेतल्यापासून उपासनेत अर्पणाची थैली जवळ आली की तुम्हाला मान वर करवत नाही. तुम्ही विचारता: देवाला नेमके किती हवेत? आणि ख्रिस्ती माणसाची देवाविषयीची कल्पना व त्याचा पैशाचा व्यवहार यांचा खरंच काही संबंध असतो, की आपण मनाला येईल तसं वागतो आणि मागून वचन चिकटवतो?

संबंध असतो, आणि भलताच घट्ट असतो. फक्त तो दोन्ही बाजूंनी चालतो, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही.

मी ३१ वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली निम्म्याहून जास्त कर्ज विभागात. त्यात १९ वर्षं आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, खजिनदार होते. म्हणजे आठवडाभर लोकांची पासबुकं आणि रविवारी त्याच लोकांची पाकिटं. एखाद्याचा देव कसा आहे हे त्याच्या प्रार्थनेवरून मला कधी नीट कळलं नाही. प्रार्थनेत सगळ्यांचाच देव प्रेमळ असतो. पासबुकात तो निराळा निघतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय काढा. धनी परदेशी जाताना एका चाकराकडे पाच तलांत देतो, दुसऱ्याकडे दोन, तिसऱ्याकडे एक. पहिले दोघे व्यापार करून दुप्पट करतात, तिसरा खड्डा खणून पुरून ठेवतो. या तिसऱ्यावर मी लहानपणापासून इतके उपदेश ऐकलेत की तो आमच्याच आळीत राहत असावा असं वाटतं. आळशी, कामचुकार, देवानं गळा दिला आणि गायनमंडळात येत नाही, वगैरे. पण तलांत ही मुळात रक्कम होती, आणि साधीसुधी नाही. साधारण ६,००० दीनार. एक दीनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज, हे त्याच मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या गोष्टीत येतं. आज ५०० रुपये रोज धरला तर एक तलांत होतो ३० लाखांचा. ज्याला सगळ्यात कमी मिळालं त्याच्या हातात ३० लाख होते.

आता तो हिशेब द्यायला येतो तेव्हा आधी काय बोलतो बघा. पैशाचं नावच नाही. तो धन्याबद्दल बोलतो. तुम्ही कठोर माणूस, पेरलं नाही तिथं कापता, हे मला ठाऊक होतं, म्हणून भ्यालो. पुरून ठेवणं ही त्या काळी सगळ्यात खात्रीची तिजोरी होती, यहुदी शास्त्रीही तसंच सांगत. तेव्हा आळशीपणा वगैरे राहू द्या, या माणसानं नीट विचार करून स्वतःची मान सोडवणारा व्यवहार केला होता. त्यावर धनी म्हणतो, एवढं भ्याला होतास तर पेढीवर तरी ठेवायचे, व्याजासकट मिळाले असते. जन्मभर ठेवी गोळा केलेल्या बाईला हे वाक्य आवडणारच. पण खरी गोम त्याच्या आधी आहे. खड्डा जमिनीत खणला त्याच्या कितीतरी आधी तो त्या चाकराच्या मनात खणलेला होता.

आमच्या मंडळीत एक निवृत्त मास्तर होते. बायको वारलेली, मुलगा गुजरातेत. दर महिन्याच्या एक तारखेला शाखा उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसलेले. पासबुक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, पिशवीला सुतळी. नोंदी छापून घ्यायच्या, भिंगातून बघायच्या, दिसल्या नाहीत की मला वाचायला लावायच्या, पुन्हा सुतळी. मुदत ठेवी सव्वा अकरा लाखांच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "बाई, हे माझं नाही. वर हिशेब द्यायचाय." रात्री चहा-पाव खाऊन झोपायचे. दशांश मात्र एकदाही चुकला नाही. लोक म्हणत, काय विश्वासू माणूस! मला ते खड्डा खणताना दिसायचे.

हा कठोर धनी मनात येतो कुठून? बायबलातून उचललेला असतो, पण चेहरा त्याला दुसऱ्याच कुणाचा तरी असतो. माझा अनुभव असा की ज्यानं आपल्याला, आपल्या आईबापांना पहिल्यांदा पैसा दिला किंवा ज्यानं तो मानगुटीवर बसून वसूल केला, त्याचा चेहरा आपण देवाला लावतो. दोन्ही बाजूंनी म्हणते ते हेच.

आपल्या नगरकडचंच घ्या. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले, सावकारांकडून कर्जरोखे आणि गहाणखतं हिसकावून जाळली, आणि ते लोण नगर जिल्ह्यातही आलं. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर लोकांचा भर होता, यावरून कागदाचा धाक किती होता ते कळतं. ज्या मुलखात ऋण म्हणजे काय हे अंगावर वळ उठून कळलेलं, त्या मुलखात आपण दर रविवारी म्हणतो, "आमची ऋणे आम्हांस सोड." मूळ ग्रीक मत्तयातही शब्द ऋणाचाच आहे. मी कर्ज विभागात होते तेव्हा कधी कधी ही ओळ म्हणताना माझी जीभ अडखळायची, कारण सोमवारी सकाळी टेबलावर नोटिसांचा गठ्ठा असायचा आणि पुढच्या बाकावर बसलेल्या दोघातिघांची नावं त्यात असायची.

सावकाराच्या हातून सुटलेले आपले पूर्वज मिशनच्या गोऱ्या साहेबाच्या हातात गेले. अमेरिकन मराठी मिशन नगरमध्ये १८३१ पासून. मंडळीत आलेले बहुतेक लोक महार आणि मांग घरांतले, जमीन असली तर नावापुरती, बाकी बलुतं आणि मजुरी. मिशननं शाळा दिली, बोर्डिंग दिलं, पुढे मास्तरकी, नर्सकी दिली. माझ्या आजीला अक्षरओळख झाली ती बोर्डिंगात, तेव्हा मी कृतघ्न होणार नाही. पण देणारा साहेब, विचारणाराही साहेब. आमच्या घरात "साहेब नाराज होतील" आणि "देव नाराज होईल" ही दोन वाक्यं एकाच सुरात म्हटली जायची. लहानपणी मला ते दोघे भाऊ वाटायचे.

माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञानं १९०४-०५ मध्ये मांडलं होतं की प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनच्या शिकवणीतून युरोपात काटकसरी, धंद्यात पैसा घालणारी माणसं तयार झाली आणि भांडवलशाहीला त्यातून बळ मिळालं. त्यावर विद्वानांचे वाद अजून चालू आहेत, त्यात मी पडत नाही. एवढं मात्र बघा की आपलं मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे कॅल्विनच्याच घराण्यातलं, आणि त्यानं नगरमध्ये व्यापारी फारसे घडवले नाहीत. शिक्षक घडवले, परिचारिका, कारकून घडवले. कारण आपल्याकडे देव एकटा आला नाही, तो पगारपत्रक घेऊन आला. पगाराची सवय लागलेला माणूस पैसा जपतो, पेन्शनकडे डोळे लावतो आणि जोखमीला भितो. मी स्वतः त्यातलीच आहे, त्यामुळे हे टोमणा म्हणून घेऊ नका.

साहेब लोकांनाही हे दिसत होतं. मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ साली हिंदुस्थानात येऊन गेले, त्यांचा सगळा आग्रह हाच की देशी मंडळ्या स्वतःच्या पैशावर उभ्या राहाव्यात. झालं ते फार सावकाश. १९१७ मध्ये ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समाज काढला. देव बाप असेल तर त्याच्या कामासाठी साहेबाच्या सहीची वाट का बघायची, असा तो रोख होता. टिळकांचा देव पासबुकात शोधला तर सापडत नाही, कारण पासबुकात शिल्लकच नसायची. त्यांच्या हातात पैसा ठरत नसे, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी हसत हसत लिहून ठेवलंय. ते हसू वाचताना मी नेहमी थोडी थांबते. घरातल्या बाईला विचारल्याशिवाय कुणाच्याही विश्वासाच्या जीवनाचं कौतुक करू नये.

(वसईकडे चित्र निराळं. तिथले कॅथलिक शेतीवाडीवाले, बागायतदार. १९१८ साली धर्मगुरूंच्या पुढाकारानं तिथं जी पतपेढी निघाली तिची पुढे बसीन कॅथलिक बँक झाली. पाय ठेवायला स्वतःची जमीन असली की माणसाचा तलांत लवकर बाहेर येतो, असं मला वाटतं.)

आता तुमच्या पत्नीच्या फेलोशिपकडे येते, आणि इथं मी जरा कडक बोलणार आहे.

चार-पाच वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे फोन घेऊन आला. कुठल्याशा सभेत बाहेरगावच्या एका उपदेशकानं सांगितलं होतं की आज जो ५०,००० चं बियाणं टाकेल त्याचं कर्ज वर्षाच्या आत फिटेल. याच्याकडे ५०,००० नव्हते, म्हणून यानं मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून कर्ज काढून टाकले. कर्ज फिटावं म्हणून कर्ज! माझ्याकडे आला तेव्हा तीन हप्ते थकलेले, वसुलीवाल्यांचे फोन त्याच्या सासूला जात होते. त्याला सगळ्यात जास्त त्रास पैशाचा नव्हता. "बाई, माझ्या विश्वासात काय कमी पडलं?" हे विचारत होता.

शंभरपटीचं वचन मार्काच्या दहाव्या अध्यायात आहे. तिसाव्या वचनापर्यंत खाली जा आणि स्वतः वाचा. घरं, भाऊ, बहिणी, आया, शेतं शंभरपट, आणि त्याच दमात "छळणुकीसह". हा शब्द मी एकाही बियाणंवाल्या उपदेशकाच्या तोंडून ऐकलेला नाही. बरं, त्या वाक्यात आया शंभरपट आहेत, म्हणजे हा व्याजाचा दर नव्हे हे उघडच आहे. मागं सोडलेल्या घराच्या बदली एक मोठं कुटुंब मिळतं, अशी ती गोष्ट आहे.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता: व्याज कितीही चढलं तरी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही. कुळाला, म्हणजे कर्जदाराला, वाचवायला केलेला नियम तो. पुढे त्याच शब्दाची 'दामदुप्पट योजना' झाली आणि लोक त्यात बुडाले. बियाण्याच्या शिकवणीचं तसंच आहे. वरवर पाहता कठोर धनी गेला आणि उदार देव आला असं वाटतं. खरं तर धनी तोच आहे, फक्त जागांची अदलाबदल झाली. आता आपण सावकार आणि देव आपलं कूळ. आपण मुद्दल टाकलंय, त्यानं मुदतीत फेडायचंय. फेडलं नाही की एक तर देव खोटा किंवा आपली कागदपत्रं अपुरी. त्या पोरानं स्वतःची कागदपत्रं अपुरी मानली, एवढाच त्याचा भलेपणा.

नवस फेडणं आणि हे एक नव्हे, असं मी मानते. वांद्र्याच्या मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेत लोक मेणाचं घर, मेणाचा पाय वाहतात. आम्हा प्रॉटेस्टंटांना ते पटत नाही, पण तिथं मेणाचा पाय वाहणारी बाई पाय बरा झाल्याचं सांगत तरी असते. ती पुढच्या वर्षी शंभर पाय मागत नाही.

वडिलांचा दशांश. यात त्यांचा मान ठेवून बोलते, कारण असल्या माणसांच्या दशांशावर आमची मंडळी उभी राहिली. पण "पूर्ण पगारावर की हातात येणाऱ्या" हा प्रश्न बायबलातल्या मोशेच्या नियमशास्त्रात नाहीच. तिथं धान्य, द्राक्षरस, तेल आणि गुरंढोरं आहेत. त्यातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा चौदावा अध्याय त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. दशांश घेऊन देवाच्या ठिकाणी जा, लांब पडत असेल तर विकून पैसे न्या, तिथं बैल, मेंढरं, द्राक्षारस, जिवाला वाटेल ते घ्या आणि घरच्यांसोबत देवासमोर खा, आनंद करा. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवा, लेवी (देवाच्या घरातले सेवक), उपरा, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. आमच्या महिलामंडळात हे वाचलं तेव्हा एक जण म्हणाली, "म्हणजे दशांशाची मेजवानी?" हो, मेजवानी. मलाखी संदेष्टा तिसऱ्या अध्यायात ज्या कोठारात दशांश आणायला सांगतो ते धान्याचं कोठार आहे, देवाच्या घरात अन्न असावं म्हणून.

या आनंदाचं आपण काय केलं ते एका चिठ्ठीवरून सांगते. उपासना झाली की वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या खोलीतल्या, टेबलावर थैल्या उलट्या करायच्या. अंगठ्याएवढ्या घड्या घातलेल्या दहाच्या नोटा, काहींना हळदीचा, काहींना मशेरीचा वास. नाणी एकीकडे, पाकिटं एकीकडे. एका बिननावाच्या पाकिटात ३६० रुपये आणि वहीच्या पानाचा तुकडा: "मागील महिना आजारपणामुळे राहिला. ३०० अधिक दंड ६०." मी मोजायची थांबले. बायबलातल्या 'लेवीय' पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात दशांश सोडवून घ्यायचा तर एक पंचमांश जास्त द्या असं आहे, तिथून तो दंड आला असणार. कुणीतरी आजारातून उठलेली बाई, कारण अक्षर बाईचं होतं, औषधं घेऊन झाल्यावर देवाची थकबाकी दंडासकट भरत होती. आणि ती चिठ्ठी हुबेहूब माझ्या बँकेच्या नोटिशीसारखी होती. मुद्दल, दंड, एकूण. तिचा देव माझ्या खुर्चीत बसला होता.

प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला देण्याबद्दल लिहितो तेव्हा टक्का सांगत नाही. ज्यानं त्यानं मनात ठरवलं तसं द्यावं, कुरकुरत नाही, नाइलाजानं नाही. आणि कारण काय देतो? ख्रिस्त धनवान असून तुमच्यासाठी दरिद्री झाला. देणारा देव आधी, आपली थैली नंतर. ज्याला हे पटलं त्याला दहा टक्के ही फार तर चालायला सुरुवात करायची जागा वाटते. ज्याला पटलं नाही त्याला तो कर वाटतो, आणि कर कशावर बसतो हा वाद मग आलाच.

व्यवहाराचं विचारत असाल तर मी हातात येणाऱ्या पगाराच्या दहा टक्क्यांपासून सुरुवात करा म्हणेन, आणि हप्ता थकवून, आईबापांचं औषध अडवून तेही करू नका. येशूनं मार्काच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान'वाल्यांना झापलंय ते याचसाठी: आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणारे लोक. त्याच येशूनं परुश्यांना, नियम काटेकोर पाळणाऱ्या त्या मंडळींना, पुदिना, शेपू आणि जिऱ्याचा दशांश मोजता आणि न्याय, दया सोडता म्हणून सुनावलं. जिरं मोजू नका असं तो म्हणाला नाही, हे वडिलांना आवर्जून सांगा, त्यांना बरं वाटेल.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की देव बाप आहे असं मानलं की सगळं सुरळीत होतं. नाही होत. रिक्षाच्या पाठीवर "यहोवा यिरे", म्हणजे देव पुरवील, लिहिलेलं असतं आणि विमा भरलेला नसतो. मी एका मंडळीचे हिशेब बघायला गेले होते, नाव सांगत नाही. तीन वर्षांच्या पावत्या नव्हत्या. विचारलं तर एक पंच दुखावून म्हणाले, "आपण एका बापाची लेकरं, हिशेब कसला मागता?" असल्याच लाघवी बोलण्यातून मिशनच्या जागा कुठल्या कुठे गेल्या. सार्वजनिक विश्वस्त कायदा १९५० चा आहे, कलम ३६ प्रमाणे विश्वस्त संस्थेची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि तरीही आपले किती दावे कोर्टात पडून आहेत ते तुम्ही नगरचेच, तुम्हाला मी काय सांगू.

पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेत होता तेव्हा त्यानं मुद्दाम मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली. लिहितो की या मोठ्या रकमेबाबत कुणी आम्हाला दोष लावू नये, प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीनं जे योग्य ते आम्ही बघतो. आमच्याकडे थैली मोजायला नात्यात नसलेली दोन माणसं बसतात, टेबलावरून उठायच्या आत वहीत दोघांच्या सह्या, सोमवारी भरणा. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, खजिनदारबाईंचा कुणावर विश्वास नाही. माझ्यावरही ठेवू नका, म्हणूनच दोन सह्या, असं मी सांगायची.

इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १८३६ मध्ये त्यानं अनाथांसाठी पहिलं घर उघडलं आणि शेवटपर्यंत कुणापुढे हात पसरला नाही, फक्त प्रार्थना. हे सगळे सांगतात. तो आलेल्या देणग्यांची बारीक नोंद ठेवायचा आणि दरवर्षी छापील अहवाल काढायचा, हे कुणी सांगत नाही. आपल्या पंडिता रमाबाईंनी म्युलरचं चरित्र वाचलं होतं. त्यांच्या विधवांसाठीच्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या मंडळानं दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं, ती मुदत १८९८ मध्ये संपत आली, आणि त्याच सुमाराला दुष्काळातल्या मुली-बायकांनी केडगावचं मुक्ती सदन भरून चाललं होतं. बाईंनी देवावर हवाला टाकला. टाकला आणि विहिरी खणल्या, तेलाचा घाणा, हातमाग, छापखाना घातला. ज्या बाईला देव पुरवील असं खरंच वाटतं ती हातावर हात ठेवून बसत नाही, हे केडगावला जाऊन बघण्यासारखं आहे.

राहिली गाडी. मराठी बायबलात आपल्यासाठी शब्द आहे 'कारभारी'. आमच्या गावाकडं बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात, त्यामुळे वाचताना हसू येतं, पण शब्द नेमका आहे. कारभारी म्हणजे मालक नव्हे, आणि कारकूनही नव्हे. घरात काय आणायचं, कुणाला काय द्यायचं हे ठरवायचा त्याला अधिकार असतो. खर्चच न करणारा कारभारी कुठल्या धन्याला हवा असतो? लूकच्या अठराव्या अध्यायात येशू एका श्रीमंताला सगळं विकून टाक म्हणतो. लगेच एकोणिसाव्यात जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार अर्धं देतो, फसवलेल्यांना चौपट देतो, आणि उरलेल्या अर्ध्याचं काय असं येशू विचारत नाही, तो तर त्याच्याच घरी उतरलेला असतो. दोघांना एक आकडा लावता येत नाही, मग तुमच्या गाडीला मी कुठून लावू?

मेथॉडिस्टांचे जॉन वेस्ली तरुणपणी वर्षाला ३० पौंड मिळवत तेव्हा २८ त जगायचे. पगार ६० झाला तरी २८ च, ९० झाला तरी २८, बाकी वाटून टाकायचे. हे ऐकून अपराधी वाटून घेऊ नका, त्यांच्यामागं गृहकर्ज नव्हतं. पण पगार वाढला की गरज आपोआप वाढलीच पाहिजे असं नाही, हे त्यातून घ्यायला हरकत नाही. गाडीत कुणाकुणाला बसवता तेवढं मला कधीतरी कळवा. आमच्या मंडळीत उपासनेला येऊ न शकणाऱ्या सात म्हाताऱ्या आहेत.

मास्तरांचं राहिलं. त्यांचा एक जुना विद्यार्थी डोळ्यांचा डॉक्टर होऊन गावात आला. त्यानं मास्तरांना पायरीवर भिंग घेऊन बसलेलं बघितलं, गाडीत घातलं आणि दोन महिन्यांच्या अंतरानं दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून टाकलं. पैसे घेतले नाहीत. मास्तरांना ऑपरेशनपेक्षा ते जड गेलं. चार वेळा माझ्याकडे आले, "बाई, त्याला किती द्यावेत? काहीतरी घ्यायलाच पाहिजे त्यानं." मी म्हटलं, तो घेत नाही तर तुम्ही काय करणार? खूप वेळ बसले, काही बोलले नाहीत.

पुढच्या एक तारखेला आले ते पासबुक हातात घेऊन, सुतळी-पिशवी काही नाही. स्वतः वाचलं, आणि आमच्या बँकेनं एका ठेवीवर व्याज कमी लावलंय हे दाखवून दिलं. त्यांचं बरोबर होतं. ३१२ रुपये निघाले. मला वाटलं, आता पाकीट मागतील. त्यांनी ते पैसे शर्टाच्या खिशात घातले आणि विचारलं की नातू सुट्टीत येतोय, नगरात बॅट चांगली कुठं मिळते.